घुगऱ्या कुणाच्या, उदो उदो कुणाचा

मत बदलणाऱ्या माणसाला नावं ठेवायची म्हटली की मराठी माणसाला शब्द शोधावे लागत नाहीत. सरड्यासारखा रंग बदलतो. टोपी फिरवली. पगडी फिरवली. तोंड बघून टिळा लावतो. दोन्ही डगरींवर पाय ठेवून आहे. वारा येईल तशी पाठ देतो. उगवत्या सूर्याला नमस्कार घालतो. होयबा, नंदीबैल, दुतोंडी, बिनबुडाचा लोटा, आयाराम गयाराम, आणि हिंदीतून आलेलं पण आता आपलंच झालेलं गंगा गये गंगादास जमुना गये जमुनादास. पेपरवाल्यांचं घूमजाव आणि कोलांटउडी तर रोजचीच, आणि नव्या पोरांचं पलटी मारली, यूटर्न मारला, पलटूराम.

मला या शब्दांचं फार वर्षांपासून वेड आहे. कुणी बोलताना असा एखादा शब्द वापरला की माझं लक्ष आपोआप तो कुणाबद्दल वापरला आणि कुणी वापरला इकडं जातं. आणि असं ऐकत ऐकत एक गोष्ट मनात पक्की बसलीय, तीच आज नीट लिहून काढते. हे शब्द सगळ्यांना सारखे लागत नाहीत. ज्याला मत बदलल्याशिवाय दिवस काढता येत नाही त्याच्या वाट्याला म्हणी येतात, आणि ज्याला मत बदलून काहीतरी मिळवायचं असतं त्याच्या वाट्याला निवेदनं येतात. आणि तिसरा एक माणूस आहे, ज्याला खरंच काहीतरी कळलंय, उमगलंय, म्हणून तो बदललाय, त्याचं तर आपण काय करतो ते बघून मला मनापासून वाईट वाटतं. पण त्याच्याकडं नंतर येते.

आधी ती म्हण घेऊ, जी मी लहानपणापासून सगळ्यात जास्त ऐकलीय. जिकडं घुगऱ्या तिकडं उदो उदो. घुगऱ्या म्हणजे हरभरे नाहीतर गहू शिजवून मीठ टाकून वाटतात त्या, आणि उदो उदो म्हणजे देवीचा जयजयकार, गोंधळी-आराधी करतात तो. म्हणजे ज्या घरी खायला मिळेल त्या घरच्या देवीच्या नावानं गजर करायचा. ऐकायला मजेशीर आहे, तालही छान आहे, त्यामुळं पटकन तोंडात बसते. पण जरा थांबून बघितलं तर ही म्हण कुणी रचली असेल हो? घुगऱ्यांसाठी दारात उभं राहिलेल्यानं तर नक्कीच नाही. ज्याच्या घरात पातेलंभर घुगऱ्या शिजल्यात, जो वाटणारा आहे, त्यानंच कधीतरी दारातल्या माणसाकडं बघून म्हटलेलं वाक्य आहे हे. भुकेल्या माणसानं दोन घरी उदो उदो केलं यात लबाडी कुठं आली, पण म्हण त्याच्यावर पडली ती पडलीच.

आमच्या भावकीत एक तात्या होते. (नाव सांगत नाही, पण कराडकडच्या पट्ट्यात ऊस बघितलेल्या कुणालाही असा एखादा तात्या माहीत असणार.) जमीन थोडी, त्यातला दीड एकर ऊस. आमच्याकडं कारखान्याच्या, सोसायटीच्या इलेक्शन लागल्या की गावात सरळ दोन पॅनल पडायची, आणि घरं वाटली जायची, हे घर यांचं, ते घर त्यांचं. तात्यांचं घर मात्र कुणाचंच नव्हतं, नाहीतर मग दोघांचंही होतं. सकाळी एका पॅनलच्या बैठकीला पुढं सतरंजीवर बसलेले असायचे, संध्याकाळी दुसऱ्यांच्या. दोन्हीकडं मान हलवायचे, दोन्हीकडं "तुमचंच बरोबर हाय" म्हणायचे, दोन्हीकडचा चहा प्यायचे. आणि ते उठून गेले की दोन्हीकडं तीच म्हण निघायची.

आता ऊस काय प्रकार असतो ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण सगळा मुद्दा तिथं आहे. ऊस लावला, नोंद केली, पाणी दिलं, वर्ष-सव्वा वर्षात तयार झाला, तरी तो तुमच्या मर्जीनं तोडता येत नाही. तोड यायला लागते. कारखान्याच्या प्रोग्राममध्ये नंबर लागतो, चिटबॉय म्हणजे कारखान्याचा शिवारातला माणूस येऊन बघून जातो, चिठ्ठी निघते, मग ऊसतोड्यांची टोळी येते. नंबर कागदावर लागवडीच्या तारखेनं असतो. पण कागद एक आणि शिवार एक. ज्याचं वर बोलणं आहे त्याची टोळी आधी येते, आणि ज्याचं कुणी नाही त्याचा ऊस फेब्रुवारी उलटला तरी उभा. ऊन वाढतं, आधीच तुरा आलेला ऊस आतून पोकळ पडायला लागतो, वजन घटतं. पाणी आटत आलेलं. त्यातच मार्चएंडला सोसायटीचं नवं-जुनं करायचं, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलायचं, त्याला सेक्रेटरी लागतो, चेअरमन लागतो. चेअरमन एका पॅनलचा, आणि कारखान्यावर ज्याचं चालतं तो दुसऱ्या पॅनलचा.

एका वर्षी तात्यांचा ऊस असाच उभा होता. मी कॉलेजमधून सुट्टीला आले होते, बांधावरनं चालताना ते भेटले, पाचटात उभे राहून तुऱ्याकडं बघत होते. दुसऱ्या दिवशी एका पॅनलचा मेळावा होता आणि त्यांच्या डोक्यावर त्याच पॅनलची टोपी. आदल्या आठवड्यात दुसरी होती ती मी बघितली होती. मी सरळच विचारलं, तात्या तुमचं खरं मत कुणाला. त्यांना राग नाही आला. म्हणाले, "पोरी, मत एकच हाय माझं. पण ऊस दीड एकर हाय."

मला अजून या वाक्याइतकं स्पष्ट उत्तर कुठल्या पुढाऱ्याकडनं मिळालेलं नाही. त्यांनी काही लपवलं नव्हतं, फिरवून बोलले नव्हते, आव आणला नव्हता. त्यांचं मत कुठं आहे आणि त्यांची मान का हलते या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्यांना लख्ख माहीत होतं. मतदान गुप्त असतं म्हणून त्यांनी शिक्का कुणाला मारला ते कधीच कुणाला कळलं नाही, आणि मला वाटतं सगळ्या वर्षात तेवढा एकच क्षण असा असेल की ज्यात त्यांना कुणाचं तोंड बघायचं नव्हतं.

त्याच सुमारास आमच्या भागातल्या एका मोठ्या माणसानं पक्ष बदलला. रातोरात चौकाचौकात फ्लेक्स लागले, "जाहीर प्रवेश", खाली कार्यकर्त्यांचे पासपोर्ट साइज फोटो. गाड्यांचा ताफा, गुलाल, जेसीबीतनं फुलं. कालपर्यंत ज्यांना भर सभेत नावं ठेवली त्यांच्याच हातनं गळ्यात उपरणं घालून घेतलं. आणि गावात लोक काय म्हणाले? "साहेबांनी निर्णय घेतला." "कामं व्हायची असतील तर सत्तेत पाहिजेच." "कार्यकर्त्यांचा आग्रहच होता." एकानंही घुगऱ्यांचं नाव काढलं नाही, ना कुणी उदो उदो म्हटलं. पारावर बसणारी माणसं तीच होती, तात्यांना हसणारी.

बघा तुम्ही, मोठ्या माणसासाठी आपली भाषा किती मऊ होते. त्यानं भूमिका बदलली. त्यानं वेगळा विचार केला. मतदारसंघाच्या विकासासाठी, व्यापक हितासाठी, घुसमट होत होती म्हणून. परत आला तर घरवापसी. तोंडावर कुणी टीका केलीच तर घूमजाव हा शब्द येतो, आणि तोही कवायतीतल्या हुकमासारखा, त्यात ना भूक ना लाज. छोट्या माणसाला मात्र थेट बैल, सरडा, लोटा.

आयाराम गयाराम हा एकच शब्द असा वाटतो की जो वरच्या माणसावर नेमका बसला, आणि तोसुद्धा खऱ्या माणसावरनं आला. हरियाणा राज्य 1966 मध्ये झालं, 1967 ला पहिली विधानसभा निवडणूक, आणि त्यात हसनपूरमधनं गया लाल नावाचे अपक्ष निवडून आले. पंधरवड्यात त्यांनी तीनदा बाजू बदलली, काँग्रेसमध्ये गेले, तिथनं संयुक्त आघाडीत, परत काँग्रेस, परत आघाडी. तेव्हा आघाडीचे नेते राव बिरेंद्र सिंह यांनी त्यांना पत्रकारांसमोर उभं करून जाहीर केलं की गया राम आता आया राम झालेत. त्या दिवसात हे सगळीकडंच चाललं होतं, म्हणून केंद्रानं पक्षांतरावर एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष होते तेव्हाचे गृहमंत्री, आमच्या कराडचे यशवंतराव चव्हाण. 1969 ला अहवाल आला. त्यातली एक शिफारस अशी होती की जो पक्ष सोडून जाईल त्याला वर्षभर, नाहीतर पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्री करू नये. किती साधी आणि किती मुद्द्याची गोष्ट आहे ही! तू मत बदललंस ना, बदल, तुझा हक्क आहे, फक्त त्या बदलाचं बक्षीस लगेच घेऊ नकोस. बदललेलं मत खरं असेल तर ते वर्षभर मंत्रिपदाशिवायही टिकेल की.

पण कायदा यायला 1985 उजाडलं. 52 वी घटनादुरुस्ती, दहावं परिशिष्ट. आणि त्यात एकट्यानं पक्ष सोडला तर आमदारकी-खासदारकी जाणार, पण पक्षाच्या एक तृतीयांश लोकांनी मिळून सोडला तर ती फूट, तिला माफी. दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात जायचं म्हटलं तर ते विलीनीकरण. 2003 मध्ये 91 व्या दुरुस्तीनं एक तृतीयांशाची सवलत काढली, आणि पक्षांतरामुळं अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री करता येणार नाही हेही तेव्हाच घटनेत आलं. म्हणजे चव्हाण समितीच्या अहवालानंतर 34 वर्षांनी. दोन तृतीयांशांचा दरवाजा मात्र आजही उघडा आहे. मला यात कायद्याचे बारकावे सांगायचे नाहीत, ते वकील सांगतील, पण एक माणूस फिरला तर दोष आणि पुरेशी माणसं मिळून फिरली तर ती राजकीय प्रक्रिया, हे जे आपण पारावर करतो तेच घटनेच्या परिशिष्टातही उतरलंय हे मला फार बोचतं.

हे काही आजचं नाही. सूर्याजी पिसाळ हे नाव आपण आजही फितुराला लावतो. 1689 मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला, येसूबाई आणि लहानगे शाहू कैदेत गेले, आणि वाईच्या देशमुखीच्या आशेनं सूर्याजी फितूर झाला असं परंपरेनं सांगितलं जातं. एका माणसाचं नाव तीनशे वर्षांहून जास्त काळ शिवी म्हणून टिकलं. पण त्या काळात वतनासाठी इकडं-तिकडं झालेला तो एकटा होता का? संभाजी महाराजांच्या हत्येनंतर, राजाराम महाराज जिंजीला गेले त्या धामधुमीत, देशमुख-देशपांडे मंडळी दोन्ही बाजूंशी बोलणी ठेवून होती. बादशहाकडूनही सनद, छत्रपतींकडूनही सनद. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभारावरच्या त्यांच्या ग्रंथात, वतनदारांबद्दल जे लिहून ठेवलंय ते वाचलं की अंगावर काटा येतो, की ही मंडळी म्हणजे राज्याचे वाटेकरीच, आणि परचक्र आलं की वतनाच्या आशेनं आधीच शत्रूला जाऊन भेटतात, इकडचे भेद तिकडं आणि तिकडचे इकडं करतात. हे त्यांनी कुणा एकाचं नाव घेऊन म्हटलेलं नाही, सगळ्या वर्गाबद्दल म्हटलंय, स्वतः राज्यकारभार केलेल्या माणसाचा अनुभव आहे तो. आणि आपण काय लक्षात ठेवलं? एक पिसाळ. बाकीच्यांच्या गढ्या गावागावात उभ्या राहिल्या आणि त्यांना आपण अजून मान देतो.

बिरबलाच्या वांग्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. बादशहाला वांग्याची भाजी आवडली, तो म्हणाला काय छान भाजी, बिरबल म्हणाला वा खाविंद, वांगं म्हणजे भाज्यांचा राजा, बघा डोक्यावर मुकुट आहे. चार दिवसांनी बादशहा म्हणाला शी, काय हे वांगं, बिरबल म्हणाला अगदी खरं, म्हणून तर त्याला नावच बेगुण आहे. बादशहानं पकडलं, की तू तर परवा स्तुती केलीस. बिरबल म्हणाला, मी चाकर तुमचा आहे, वांग्याचा नाही. ही गोष्ट सांगून आपण नेहमी बिरबलाच्या हजरजबाबीपणाला हसतो, नाहीतर हांजी हांजी करणाऱ्यांवर बोट दाखवतो. पण मत आधी कुणी बदललं? बादशहानं. बिरबल फक्त मागनं गेला. ज्याच्या जिभेच्या चवीवर सगळा दरबार फिरतो त्याला त्या गोष्टीत कुणी काही नाव ठेवत नाही, त्याला फक्त आज भाजी आवडली नाही एवढंच.

नंदीबैलाचंही तेच. आता कमी दिसतो, पण माझ्या लहानपणी सुगीनंतर यायचा, पाठीवर रंगीत झूल, शिंगांना गोंडे, कपाळावर आरशांची पट्टी, बरोबर नंदीवाला आणि त्याचं ते गुबुगुबु वाजणारं ढोलकं. "पाऊस पडंल का?" बैल मान हलवायचा. "पोरगी पास हुईल का?" परत मान हलवायचा. आम्ही पोरं अगदी जवळ जाऊन बघायचो. वेसणीचा दोर नंदीवाल्याच्या डाव्या हातात असायचा, आणि प्रश्न संपता संपता त्याचं बोट त्या दोरावर किंचित हलायचं. इतकं थोडं की लांबनं कळणारच नाही. नाकातनं दोर गेलेल्या जनावराला मान हलवायला किती ताण लागतो? जवळजवळ नाहीच. आणि मग आपण ऑफिसातल्या, घरातल्या, गावातल्या कुणाला तरी नंदीबैल म्हणून मोकळे होतो, त्याच्या नाकातला दोर कुणाच्या हातात आहे हे विचारायचं राहूनच जातं. पगार, बदली, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणं, सासरी नांदणं, पोराच्या शाळेतली अॅडमिशन, दोर हजार प्रकारचे असतात.

याचा अर्थ मान हलवणं चांगलंच आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. काही वेळा दोर इतका घट्ट नसतो आणि तरी माणूस मान हलवतो, आणि त्याची किंमत तिसरंच कुणीतरी भरतं. न्यायमूर्ती रानडे केवढा मोठा माणूस, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पहिली पत्नी गेली तेव्हा सगळ्यांची अपेक्षा होती की हे आता विधवेशी लग्न करतील. 1873 मध्ये वडिलांच्या आग्रहापुढं त्यांनी लग्न केलं ते 11 वर्षांच्या मुलीशी, ते स्वतः 31 वर्षांचे होते. मत तेच राहिलं, पाऊल उलटं पडलं. पुढं त्यांनी त्या मुलीला शिकवलं, तीच रमाबाई रानडे पुण्यात सेवासदन उभं करणारी झाली, हे सगळं खरं आणि मोलाचं आहे. पण लोकांनी तेव्हा बोल लावला तो उगाच लावला असं मला म्हणवत नाही. तात्यांच्या डोक्यावर दीड एकर ऊस होता. न्यायखात्यात नोकरी असलेल्या, कमावत्या माणसाच्या डोक्यावर तेवढं ओझं नव्हतं.

म्हणून मी माझ्यापुरती एक सवय लावून घेतलीय, कुणी फिरला असं ऐकलं की पहिलं विचारते, फिरल्यावर त्याला मिळालं काय आणि त्याचं गेलं काय.

फिरणारे लोक स्वतःच्या बाजूनं हमखास एक ओळ पुढं करतात, महापुरे झाडे जाती तेथे लव्हाळे वाचती. पुढारीसुद्धा भाषणात टाकतात. की बाबा लवचीक राहावं, ताठ राहिलं की मोडतं. ओळ तुकोबांची आहे आणि अभंग नम्रतेचा आहे, नीचपण बरवे देवा, म्हणजे लहानपणच बरं, असं म्हणणाऱ्याचा. मोठेपणा नको म्हणणाऱ्याच्या तोंडची ओळ मोठेपणासाठी वाकणाऱ्यांनी पळवलीय. आणि त्याच तुकोबांनी असंही म्हणून ठेवलंय की सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता. मनाला साक्षी ठेवलं, बहुमताला मानलं नाही. ही ओळ मात्र पक्षप्रवेशाच्या स्टेजवर कुणी म्हणत नाही.

सरड्याबद्दल एक सांगायचं राहिलं. आपल्या बागेत, कुंपणावर जो साधा सरडा दिसतो ना, त्याचा रंग बदलतो तो लपायला नव्हे. विणीच्या काळात नराचं डोकं आणि गळा लालभडक होतो, आणि तो उंच जागी बसून मान वरखाली करत सगळ्यांना दिसेल असा दाखवतो. म्हणजे तो बिचारा उघड उघड, जिवाला धोका पत्करून रंग बदलतोय. लबाड माणसाला आपण चुकीच्याच प्राण्याची उपमा देऊन बसलोय.

आणि यावरनंच मी त्या तिसऱ्या माणसाकडं येते. जो उघड बदलतो, कारणं सांगून बदलतो, आणि बदलल्यामुळं ज्याचं काहीतरी जातं.

बाबासाहेबांचा विचार करा. 1927 ला महाडचं चवदार तळं. 1930 ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह, जो वर्षानुवर्षं चालला, लोकांनी लाठ्या खाल्ल्या, दगड खाल्ले. म्हणजे तेव्हा मागणी होती की या धर्मात राहून माणूस म्हणून हक्क द्या. आणि 1935 ला येवल्यात त्यांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून जन्मलो पण हिंदू म्हणून मरणार नाही. ज्यांना टोमणेच मारायचे होते ते तेव्हाही म्हणू शकत होते की काल देवळात यायचं म्हणत होते, आज देवच नको म्हणतात. पण येवला ते नागपूर किती काळ गेला बघा, 13 ऑक्टोबर 1935 ते 14 ऑक्टोबर 1956. 21 वर्षं. त्या 21 वर्षांत त्यांना वेगवेगळ्या धर्मांकडून बोलावणी आली, दबाव आले, विनवण्या आल्या. त्यांनी वाचलं, तपासलं, वाद घातले, लिहिलं, आपल्या लोकांना तयार केलं, आणि मग लाखो लोकांसमोर दीक्षा घेतली. गया लालांचे पंधरा दिवस आणि ही 21 वर्षं, दोन्हीला मत बदलणं हाच एक शब्द लावायचा? आपल्या बोलीभाषेनं इतकी मोठी गोष्ट ओळखायला एक तरी साधा शब्द करायला हवा होता. मतपरिवर्तन आहे, हृदयपरिवर्तन आहे, पण ते भाषणातले शब्द झाले, घरात कुणी म्हणतं का, की माझं काल मतपरिवर्तन झालं? उपरती म्हटलं की आधी पाप केलं होतं असं होतं. बोलताना आपल्याकडं फक्त एकच स्वच्छ शब्द आहे, पटलं. "तुझं पटलं मला." आणि चारचौघात, विशेषतः वयानं लहान माणसाला, विशेषतः सुनेला किंवा मुलीला, हे दोन शब्द म्हणताना भल्याभल्यांची जीभ जड होते.

गाव म्हणून हे म्हणता येतं याचं उदाहरण आपल्याकडंच आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे, त्या ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची, हे आमच्या गावात बंद. काही दिवसांतच राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनी हेरवाडसारखं करावं असं सांगितलं. मी ती बातमी वाचली तेव्हा खूप वेळ तिच्याचवर अडकले होते. कारण हा ठराव करताना गावाला मिळणार काय होतं? तोड लवकर येणार नव्हती, कुणी मंत्री होणार नव्हतं. उलट आत्तापर्यंत आपणच आपल्या बायकांशी काय केलं हे सगळ्यांसमोर कबूल करणं होतं ते.

आमच्या गावात असा ठराव अजून झालेला नाही. मागच्या खेपेला महिला ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा मी गेले होते, शाळेच्या वर्गात भरली होती, बाकं भिंतीला सरकवून. बचत गटाच्या पोरी बोलल्या, अंगणवाडीच्या ताई बोलल्या, ग्रामसेवकानं हेरवाडचं वाचून दाखवलं, म्हाताऱ्या बायका गप्प. मग एक आक्का उठल्या. स्वतः विधवा, सत्तरीच्या पुढच्या, आणि गावातल्या प्रत्येक हळदीकुंकवात, प्रत्येक ओटी भरण्यात कुठली बाई पुढं येऊ शकते आणि कुठली नाही यावर कडक नजर ठेवणाऱ्या. पोरीबाळींना त्यांचा धाक. त्या म्हणाल्या, "मी लई जणींना मागं बसवलंय. माझ्या सासूनं मला बसवलं, मी माझ्या पुतण्याच्या बायकोला बसवलं. ती रडली हुती. मला तवा दिसलं हुतं. आता ह्या पोरी म्हंत्यात ते मला पटतंय. माझी सही घ्या पयली."

आणि माझ्या मागनं हलक्या आवाजात आलं, "म्हातारी फिरली बघ."

मी मागं वळून त्या बाईला म्हटलं, फिरली नाही मावशी, पटलंय त्यांना, आत्ता त्या तसं म्हणाल्या ना तुमच्यासमोर. ती म्हणाली तेच ते. तिच्या दृष्टीनं खरंच तेच होतं, तिच्या मनात काही वाईट नव्हतं, तिला दुसरा शब्दच ठाऊक नव्हता. पण आक्कांनी तो ऐकला. त्या खाली बसल्या आणि पदर सारखा करत त्या बाईलाच म्हणाल्या, "फिरले तर फिरले. तूबी फीर."

सह्या त्या दिवशी पुरेशा झाल्या नाहीत, सगळ्यांच्या ग्रामसभेत विषय घ्यायला लागेल असं सरपंच म्हणाले. पुढच्या महिन्यात तारीख आहे. आक्कांनी पुतण्याच्या बायकोला बरोबर घेऊन यायचं ठरवलंय, आणि मीही पुण्याहून आदल्या रात्रीच निघणार आहे.